घरच्या ओंडक्यांच्या फळ्या पाडायच्यात, चेनसॉ मिल घेऊ की बँडसॉ मिल? – नाशिक

गिरणारेकर

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत नुसताच वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची शेती गिरणाऱ्याच्या पुढे, द्राक्ष आणि थोडा टोमॅटो. मे महिन्यात वळवाच्या पावसात बांधावरचे दोन रायवळ आंबे मुळासकट आडवे झाले, आजोबांनी लावलेले होते. एक थेट विहिरीच्या कठड्यावर पडला, कठडा गेला पण मोटर वाचली. तलाठ्याला बोलावून पंचनामा करून ठेवलाय. त्याशिवाय एक वाळलेला कडुनिंब आहे, गोठ्यामागे बाभळीचे तीन ओंडके दोन वर्षं पडून आहेत, आणि बागेवर सावली येते म्हणून वडील पाच-सहा निलगिरी काढायच्या म्हणतायत.

व्यापारी येऊन गेला, सगळं सरसकट जळाऊच्या भावात मागत होता. आईनेच त्याला चहा न देता वाटेला लावला, म्हणे ह्या झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं सगळ्या गावाने खाल्लंय, चुलीत नाही घालायचं. मग मीच म्हटलं की आपणच फळ्या पाडू. नवीन घराचं काम चालू आहे, त्यात एक मोठं जेवणाचं टेबल, दोन पलंग आणि जमलं तर देवघराची चौकट एवढं घरच्या लाकडाचं व्हावं अशी इच्छा.

मोठ्या आंब्याची गोलाई मध्यावर बरोबर ६ फूट, सरळ खोड ८ फूट. दुसरा साडेचार फूट गोलाईचा आहे पण जरा वाकडा. घरी ५८ सीसीची चायना चेनसॉ आहे, छाटणीला वापरतो. वेल्डिंग, ग्राइंडर सगळं घरी आहे आणि मी मेकॅनिकल डिप्लोमावाला आहे त्यामुळे हाताला सवय आहे. बजेट दीड लाख, ओढूनताणून दोन.

व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. एक जण चेनसॉला फ्रेम लावतो आणि लोण्यासारख्या फळ्या काढतो, दुसरा रुळावरची बँडसॉ (पट्ट्याची करवत) ढकलतो, तिसऱ्याकडे भलतंच काहीतरी गोल पात्याचं. मी नेमकं काय घ्यावं? वखारीत न्यावं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

भुसा_आणि_रंधा

गिरणारेकर, मी सातपूरला नोकरी करतो आणि रविवारचा सुतार आहे, गेली चार वर्षं चेनसॉ मिल वापरतोय त्यामुळे तेवढंच बोलतो, बँडसॉचं दुसरं कोणी सांगेल.

आधी वाईट बातमी, तुमची ५८ सीसी विसरा. छाटणीत चेन लाकडाच्या रेषा आडव्या तोडते, फळी पाडताना उभी जाते आणि पूर्ण आठ फूट इंजिन फुल रेसवर लोडखाली असतं, मध्ये श्वासच नाही. मी सुरुवातीला असल्याच एका मशीनवर केलं होतं, एक फूट रुंदीचा कडुनिंब, तिसऱ्या फळीला पिस्टन जाम. उघडून बघितलं तर सिलिंडरला उभे ओरखडे. फूटभर रुंदीला कमीत कमी ७० सीसी आणि तुमच्यासारख्या २२-२३ इंची खोडाला ९० च्या आसपास पाहिजे. स्टील (Stihl) कंपनीची एमएस ६६१ ही ९१ सीसीची आहे, हस्कवार्नाची ३९५ एक्सपी ९४ ची, हा वर्ग. तुमच्या बजेटचा मोठा तुकडा त्यातच जाईल. फ्रेम ज्याला अलास्कन मिल म्हणतात ती तुम्ही स्वतः वेल्ड करू शकता, त्यात काही रॉकेट सायन्स नाही, चौकोनी पाइप आणि चार यू-बोल्ट, फक्त बारला, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिला, समांतर राहिली पाहिजे आणि हलली नाही पाहिजे. बार घेताना लक्षात ठेवा की फ्रेमचे क्लॅम्प तीन-चार इंच खातात, ३६ इंची बारवर कापायला ३२ च्याच आसपास मिळते.

चेन रिपिंगची (उभं चिरायची) घ्या किंवा जुनीच १० अंशावर घासून घ्या. नेहमीच्या चेनचा दात ३० अंशावर असतो, त्याने उभं चिरलं तर फळीवर नांगरल्यासारख्या रेघा येतात. आणि कानस खिशात ठेवा, मी दर टाकीला धार लावतो. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की समजायचं धार गेली, धार असते तेव्हा जरा जाडसर पडतो. हे एक ओळखता आलं तरी अर्धं काम शिकलात.

पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा. ओंडका गोल, त्यावर फ्रेम टेकणार कशावर? म्हणून वर अॅल्युमिनियमची शिडी किंवा दोन सरळ अँगल स्क्रूने बसवायचे, खाली पाचरी मारून लेव्हल करायचं, दोन्ही टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने बघायचं, पट्ट्या एकमेकींना समांतर दिसल्या म्हणजे पीळ नाही. इथे आळस केला तर तोच पीळ खालच्या प्रत्येक फळीत उतरतो, कारण पुढची प्रत्येक फळी आधीच्या कापावर टेकूनच निघते. आणि स्क्रूची लांबी कापाच्या खोलीपेक्षा कमी असू द्या, मी एकदा तीन इंची स्क्रू मारले आणि चेन थेट त्यांच्यावरनं गेली, सगळे दात टकले.

पेट्रोलचं पण बघा, आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते पाणी ओढतं, मशीनमध्ये आठवडाभर ठेवू नका. ५० ला १ ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली, आणि मिलिंगला कार्ब्युरेटर थोडा रिच (पेट्रोल जरा जास्त) ठेवा. काप संपला की लगेच बंद नाही करायची, मिनिटभर स्लोवर चालू द्यायची. बारला जळकं ऑइल घालू नका बाबा, जेवणाचं टेबल करायचंय ना, काळे डाग आत मुरतात. मी गोडेतेल घालतो, फक्त काम झाल्यावर चेन पुसून ठेवायची नाहीतर चिकट राप बसतो. बायको म्हणते भज्यांना तेल नाही आणि ह्याच्या करवतीला आहे.

---

सिन्नरचा_आप्पा

पोरा मशीन कशाला घेतो. आमच्या लहानपणी गावात दोन करवते यायचे, ओंडका घोडीवर चढवायचे, एक वर उभा एक खाली, लाइनदोरीने गेरूची रेघ मारायची आणि दिवसभर खर्रखर्र. खालच्याच्या डोळ्यात भुसा जायचा म्हणून तो टोपी नाकापर्यंत ओढायचा. त्या फळ्यांचा माळा अजून आमच्या जुन्या घरात आहे. आता ती माणसं नाहीत हे खरं. पण दोन झाडांसाठी दोन लाख घालणं मला पटत नाही. वखारीत ने, चिराई दे, मोकळा हो.

---

वखारीतला

आप्पांशी सहमत पण पूर्ण नाही. आमची तिसरी पिढी वखारीत, वखार नाशकातच, जाहिरात नको म्हणून नाव सांगत नाही.

आधी माप समजून घ्या म्हणजे कोणी फसवणार नाही. आपल्याकडे ओंडका गोलाईवर मोजतात. मध्यावरची गोलाई इंचात, तिला चारने भागा, जे येईल त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. तुमचा मोठा आंबा ७२ इंच, चारने भागून १८, वर्ग ३२४, गुणिले ८, भागिले १४४, बरोबर १८ घनफूट. पण शाळेतल्या सूत्राने त्याच खोडाचं खरं घनफळ जवळजवळ २३ घनफूट भरतं. मधला फरक साल, गोलाईचे काठ, भुसा ह्या घटीचा धरलेला असतो. चिराई ह्या १८ वर ठरवा, आणि लाकूड विकायचं झालं तर समोरचा कुठल्या हिशोबाने मोजतोय ते आधी विचारा.

आता आमच्याकडे आणाल तर काय होईल. आमचं मशीन उभ्या पट्ट्याचं, ओंडका ट्रॉलीवर चढवून पुढे ढकलतो, तुमचा आंबा अर्ध्या तासात फळ्या होऊन बाहेर. पण तो वखारीपर्यंत येणार कसा? ओला आंबा २३ घनफूट म्हणजे सहा क्विंटलच्या आसपास वजन, जेसीबीवाला भरायचे घेणार, ट्रॅक्टरवाला भाडं घेणार, इथे उतरवायला हमाल. आणि शेतातलं, घराजवळचं झाड म्हटलं की कुठलाही वखारवाला दहा वेळा विचार करतो. का तर खिळे. कुंपणाची तार, पाटी, गुरं बांधायची कडी, झाड सगळं पोटात घेतं आणि वरून सालीचा टाकासुद्धा दिसत नाही. मागच्या वर्षी एका चिंचेत नांगराचा फाळ सापडला, सापडला म्हणजे पट्टा तुटल्यावर सापडला. पट्ट्याचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे ही आमच्याकडे बोली असते. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे समजा. मेटल डिटेक्टर स्वस्तातला मिळतो, आणाच, मशीन कुठलंही घेतलं तरी.

आणि परवान्याचं कोणी बोललंच नाही. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर ही सगळी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. तुमचं झाड पडलंय आणि पंचनामा केलाय हे फार शहाणपणाचं केलंत, त्याची झेरॉक्स ओंडक्याबरोबर गाडीत ठेवा आणि वाहतुकीचा पास लागतो का ते वनखात्याच्या रेंज ऑफिसला विचारून घ्या.

लाकूड चिरायची मिल बसवायला मात्र वनखात्याचा परवाना लागतोच. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीवरच्या गोदावर्मन केसमधला आदेश आला आणि त्यानंतर विनापरवाना आरा मशिनींवर देशभर टाच आली, माझे वडील अजून ते दिवस सांगतात. नवीन परवाना आता राज्य पातळीवरची समिती ठरवते, केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे. तेव्हा रुळावरची बँडसॉ आणून शेडमध्ये उभी करायच्या आधी तुमच्या उपवनसंरक्षकांच्या ऑफिसात मशीनच्या फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि लेखीच उत्तर घ्या. शेजाऱ्याचं लाकूड पैसे घेऊन चिरलं तर तो धंदा झाला, तिथे कोणी ऐकून घेणार नाही. हातातली चेनसॉ घेऊन स्वतःच्या शेतात स्वतःचा ओंडका चिरणं आणि मिल टाकणं ह्यात फरक आहे, पण तोही एकदा विचारून घेतलेला बरा.

---

गिरणारेकर

बापरे, एवढी माहिती. आप्पा, पटतंय तुमचं, पण दोनच झाडं नाहीत हो, भावकीतल्या पाच जणांच्या बांधावर असंच लाकूड पडलंय. वखारवाले दादा, परवान्याचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. बँडसॉचा अनुभव आहे का कोणाला? भुसा कमी पडतो म्हणतात, त्याने कितीसा फरक पडतो?

---

परत_आलेला_नाशिककर

मी तीन वर्षं न्यूझीलंडला एका फार्मवर होतो, तिथे छोटी बँडसॉ मिल चालवायचो, त्यामुळे हे उत्तर माझं.

भुशाचा हिशोब सुतात सांगतो (इंचाला आठ सूत). चेनसॉचा काप तीन सूत जातो, छोट्या बँडसॉचा जास्तीत जास्त एक सूत, पात्याला धार आणि सेटिंग बरोबर असेल तर त्याहून कमी. समजा एखादा जाड ओंडका चारी बाजूंनी पाडून १८ इंचाचा चौकोनी ठोकळा केलात आणि एक इंची फळ्या काढल्यात. चेनसॉने १३ निघतील, बँडसॉने १६. तीन फळ्या भुशात. आता एकाच ओंडक्याला हे काही मरण नाही, पण वर्षाला पन्नास ओंडके असतील तर मशीनचे पैसे त्यातच वसूल. शिवाय चेनसॉने आठ फुटाच्या एका कापाला दहा मिनिटं आणि कंबरडं, बँडसॉने मिनिट-दीड मिनिट आणि चालत जायचं.

मग सगळे बँडसॉ का घेत नाहीत? कारण बँडसॉला तुम्ही नोकर लागता. रूळ लेव्हलमध्ये पाहिजेत, तेही ओंडक्याचं वजन पडल्यावर, त्यामुळे मातीवर नाही चालत, खाली काँक्रीट किंवा भक्कम स्लीपर. ओंडका मशीनपाशी आणायचा, मशीन ओंडक्यापाशी जात नाही (टोइंगवाली ट्रेलर मिल असते ती वेगळी, तिची किंमत ऐकून तुमचे वडील निलगिरीवर चढतील). पातं सव्वा इंच रुंद, पातळ, दोन-तीन तासात धार जाते, घरी लावायची तर ग्राइंडर आणि सेटर (पात्याचे दात वाकवायचं अवजार) वेगळा. पात्याचा ताण कमी, धार गेलेली किंवा ढकलायची घाई, ह्यातलं एक जरी झालं तरी पातं लाटेसारखं वरखाली जातं आणि फळी मध्ये जाड कडेला पातळ. बाभळीला तर हमखास, तुमची दोन वर्षं वाळलेली बाभूळ म्हणजे दगड झालाय आता. बाभूळ, चिंच असलं ओलं असतानाच चिरायचं असतं.

मोटरवर चालवायचा विचार असेल तर आपल्याकडची थ्री फेज ठराविक तासच, त्यात कधी रात्रीची पाळी, रात्री दोनला कोण लाकूड चिरणार. वर शेतीच्या कनेक्शनवर दुसरं मशीन चालवणं नियमातही बसत नाही. म्हणजे पेट्रोल इंजिनच, दहा एचपीच्या पुढचं.

ते गोल पात्याचं विचारलंय ना, ते स्विंग ब्लेड. ऑस्ट्रेलियाची लुकास आणि न्यूझीलंडची पीटरसन नावाजलेल्या. पातं आडवं कापतं मग उभं वळतं आणि ओंडका जागचा न हलवता चौकोनी माल काढतं, अवाढव्य खोडांसाठी भारी. तुमच्या कामाची नाही, रुंद टेबलटॉप त्यातून सरळ निघत नाही कारण पातं अर्धंच आत जातं.

निलगिरीचं एक सांगून ठेवतो कारण ह्यात सगळे फसतात. निलगिरीच्या आत ताण भरलेला असतो, एका बाजूने फळ्या काढत गेलात तर फळी करवतीतून निघतानाच धनुष्यासारखी उचलते आणि उरलेला ओंडका उलटा वाकतो. एक फळी वरून काढायची, ओंडका फिरवायचा, एक खालून, असं आलटूनपालटून. आणि तोडल्यावर दोन-चार दिवसात चिरा, नाहीतर तोंडाला चांदणीसारख्या भेगा पडतात आणि टोकाचा फूट-दीड फूट फेकून द्यावा लागतो.

माझं प्रामाणिक मत, तुम्ही मशीन निवडताय पण तुमचा प्रॉब्लेम मशीनचा नाहीये. सहा क्विंटलचं धूड हलवायचं कसं आणि फळ्या वाळवायच्या कुठे हे आधी ठरवा. चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी), दोन पहारी, ओंडका फिरवायचा हूक आणि पत्र्याची एक शेड ह्याला पैसे बाजूला ठेवा, मग उरेल त्यात करवत.

---

भुसा_आणि_रंधा

वरच्या भाऊंचा शेवटचा पॅरा दोनदा वाचा. माझ्या पहिल्या आंब्याच्या सहाच्या सहा फळ्या वाया गेल्या, आणि चिरताना नाही, वाळवताना. एप्रिलमध्ये चिरल्या, अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या, नाशिकचं ऊन, आठ दिवसात टोकापासून हातभर फाटल्या आणि पन्हळीसारख्या वाकल्या. ज्या वाकल्या नाहीत त्यातून पावसाळ्यात पांढरी पावडर पडायला लागली, बारीक टाचणीएवढी भोकं, भुंग्याने आतून पीठ केलं.

आता काय करतो ते सांगतो. झाड पडलं त्याच दिवशी दोन्ही तोंडांना ऑइल पेंटचे दोन जाड हात, घरात उरलेला कुठलाही रंग चालतो, माझे ओंडके पोपटी आहेत. चिरल्या दिवशीच बोरॅक्स आणि बोरिक पावडर तीनास दोन प्रमाणात, दोन्ही मिळून एक किलो, दहा लिटर कोमट पाण्यात, ब्रशने चारी बाजूंना. हे पाण्यात विरघळतं म्हणजे पावसात धुऊनही जातं, तेव्हा छप्पर पाहिजेच. मग जमिनीपासून फूट-दीड फूट वर सिमेंट ब्लॉक, त्यावर फळी, दर दीड-दोन फुटावर एक इंची चौकोनी पट्टी, परत फळी. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर, इकडेतिकडे झाली की फळी तिथे वाकते. सगळ्यात वर दगड किंवा सिमेंटचे ब्लॉक रचायचे. ऊन थेट नको, वारा पाहिजे. इंचाला एक वर्ष हा ठोकताळा, तुमचा दोन इंची टेबलटॉप म्हणजे दोन पावसाळे. ओलावा मोजायचं मीटर घ्या, १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय सुताराला हात लावू देऊ नका. मीटर पावसाळ्यात परत चढतं ते बघून घाबरू नका, मार्च-एप्रिलचं रीडिंग खरं धरा.

कडुनिंबाला भुंग्याची एवढी भीती नाही, गाभा कडू असतो, देवघराची चौकट त्याचीच करा.

आणि हो, ९० सीसी विकत घ्यायच्या आधी एकदा चालवून बघा. माझी घेऊन मी येतो, रविवारी सकाळी. पेट्रोल तुमचं, कानाला मफ आणि डोळ्याला गॉगल तुमचा तुम्ही आणा, पायात चप्पल दिसली तर मी परत जाईन.

---

गिरणारेकर

अपडेट देतो, सव्वा महिना झाला, पाऊस आणि बागेच्या कामात राहून गेलं.

भुसा_आणि_रंधा भाऊ खरंच आले, मशीन, शिडी आणि स्वतःचा चहाचा थर्मास घेऊन. मी शिडी बसवत होतो तर मला तीनदा काढायला लावली, पाचर दोन सूत खाली दोन सूत वर, मला वाटलं काय कटकट आहे. पण पहिला काप उचलला आणि खालचा आंबा बघितला तेव्हा कळलं. बाहेरून राखाडी, फुटकळ दिसणारं लाकूड, आत मधाच्या रंगावर काळ्या-गुलाबी रेघा, ओलं असल्यामुळे चकाकत होतं आणि कैरीचा वास येतोय असं आई म्हणाली. मला पेट्रोलचाच आला.

तिसऱ्या फळीला मी चालवत होतो, मध्येच करकर आवाज आणि ठिणगी. भाऊंनी लगेच बंद करायला लावली. डिटेक्टर आणला होता पण तो वरून फिरवला होता, बाजूने नाही, चूक माझीच. पाचर मारून काप उघडला तर आत अख्खी लोखंडी कडी, अंगठ्याएवढ्या जाड सळईची, भोवती वीतभर काळानिळा डाग, वखारवाले दादा म्हणाले होते तस्साच. आई बघायला आली आणि म्हणाली ही झोक्याची कडी, नागपंचमीला तुझ्या आत्या झोका बांधायच्या, एक फांदी नंतर तोडली तिथे झाड वाढून गेलं. चेनचे अकरा दात गेले. भाऊ अर्धा तास कानस घासत बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

एकूण हिशोब असा. मोठ्या आंब्याच्या दोन इंची सहा फळ्या निघाल्या, सकाळी नऊ ते दुपारी चार, साडेपाच लिटर पेट्रोल. ९० सीसी घेत नाहीये, सध्या तरी. भावकीत बोललो, पाच जणांचं मिळून वीसेक ओंडके होतात, त्यातले सरळ आणि बिनखिळ्याचे एकाच ट्रॅक्टरने वखारीत न्यायचे, रेंज ऑफिसला अर्ज दिलाय. जे हलवता येत नाहीत आणि ज्यांचे रुंद तक्ते पाहिजेत तेवढेच शेतात चेनसॉवर. त्यासाठी फ्रेम मी वेल्ड करून ठेवलीये, खाली दोन जुने स्कूटरचे बेअरिंग लावलेत म्हणजे ढकलायला हलकी जाते. बाभळीवर माझी ५८ सीसी चालवून बघितली, गंमत म्हणून, दीड फूट गेली आणि धूर. कानाला खडा.

फळ्या द्राक्षाच्या शेडमध्ये रचल्यात. आईने सगळ्यात वरच्या फळीवर वजन म्हणून जुनं जातं ठेवलंय.

एक शंका, डागाची ती फळी टेबलला वापरू का फेकू? डाग जात नाहीये, घासून बघितलं.

---

वखारीतला

फेकायची कशाला, ऑक्झॅलिक अॅसिड पाण्यात करून ब्रशने लावा, हातमोजे घालून, डाग बराच फिका होईल. पुण्या-मुंबईचे लोक तर असल्या डागाच्या फळ्या मुद्दाम मागतात आणि जास्त पैसे देतात, मला आजवर कळलेलं नाही का ते.

---

भुसा_आणि_रंधा

तेरा दात. मी मोजले होते.

दुसरा आंबा अजून सालीसकट पडलाय ना? साल आजच काढून टाका, सालीखाली किडे घर करतात. डिटेक्टर चारी बाजूंनी फिरवा, मी येत्या नाही पुढच्या रविवारी येतो. ह्या वेळी मिसळ तुमच्याकडे, आणि पाव जास्त मागवा.